सहाशे-सोळाचे पाच टायर: सिन्नरच्या एका जुन्या लष्करी जीपचं प्रकरण

नानांनी फोन केला तेव्हा टायरचा विषयही नव्हता. नातवाचं लग्न डिसेंबरात कल्याणला होतं, वरात घरच्या जीपमधून काढायची होती, आणि जीप सिन्नरहून चालवतच न्यायची असं घरात ठरलं होतं. “समृद्धी महामार्गावर चढलं की दोन तासांत भिवंडीजवळ आमणे,” नाना म्हणाले. “तू फक्त ये आणि इंजिनाचा आवाज ऐक. बाकी गाडी ठणठणीत आहे.”

इंजिनाचा आवाज खरंच चांगला होता. पुढचं सगळं प्रकरण त्याखाली फिरणाऱ्या चाकांचं आहे.

जीप १९४४ ची, विलिस एमबी. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या बऱ्याच इथेच राहिल्या, काही वर्षं फौजेत चालल्या आणि मग लिलावात निघाल्या. नानांच्या वडिलांनी ही देवळालीच्या लिलावातून १९६६ मध्ये घेतली आणि ६७ मध्ये नाशिकला तिची नोंदणी झाली. महिंद्रांनी १९४९ पासून मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली होती, त्यामुळे सुट्या भागांची ददात कधी पडली नाही. मूळ पेट्रोल इंजिन १९८६ मध्ये निघालं, त्या जागी डिझेल बसलं. ते आरसी बुकात रीतसर चढलेलंही आहे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोठ्याशेजारची तपासणी

मी आधी बॉनेट न उघडता गाडीभोवती एक फेरी मारली. जुनी गाडी बघायची माझी ही सवय आहे. पुढचे दोन्ही टायर नवेकोरे दिसत होते. खाचा खोल, रबर काळंभोर. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, ६.०० - १६ असा आकडा, म्हणजे बाजारात ज्याला सहाशे-सोळा म्हणतात तोच, या जीपचं मूळ माप. नाना कौतुकाने म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी टाकलेत. तालुक्यालाच मिळाले, तेही स्वस्तात.”

स्वस्तात का मिळाले ते टायरवरच लिहिलेलं होतं. ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, गोलाकार धावणाऱ्या तीन जाड पट्ट्या, आडव्या खाचा जवळपास नाहीतच, आणि साइडवॉलवर एफ-२ अशी खूण. हे ट्रॅक्टरचे पुढचे टायर. सहाशे-सोळा हा आकडा आपल्याकडे जीपपेक्षा ट्रॅक्टरमुळे जास्त खपतो, आणि दुकानदाराने माप विचारून माप दिलं. यात त्याने खोटं काही सांगितलं नाही. पण त्याच साइडवॉलवर आणखी एक बारीक खूण होती: ए-६. म्हणजे ३० किलोमीटरचा वेग. ए-८ असता तर ४०. टायर किती वजन पेलेल याचा आकडाही याच वेगाला धरून दिलेला असतो. नांगरलेल्या रानात हे टायर उत्तम. समृद्धीवर गाड्यांना १२० ची मुभा आहे, तिथे नाना निदान ६० ने जाणार, म्हणजे टायरच्या मर्यादेच्या दुपटीने, तेही तासभर न थांबता. जाड रबर प्रत्येक फेरीला दबतं आणि सुटतं, त्यात उष्णता साठते, आणि शेतीचा टायर ती बाहेर टाकण्यासाठी बनवलेलाच नसतो. शिवाय पुढचे टायर म्हणजे स्टिअरिंग. मागचा फुटला तर गाडी झोल खाते, पुढचा फुटला तर हात रिकामे होतात.

मागचा उजवा टायर आणखी देखणा. फौजी ढंगाचा, दोन्ही दिशांना सारख्या ठोकळ्यांचा, चिखलातून मागे-पुढे सारखंच ओढणारा. ठोकळे जवळपास पूर्ण उंचीचे. खोली मोजायची पट्टी लावली तर १२ मिलिमीटरच्या वर भरली. हा नातवाने जुन्या बाजारातल्या डिस्पोजलवाल्याकडून, म्हणजे फौजेचं जुनं सामान विकणाऱ्याकडून, आणलेला. मी फडक्याने साइडवॉल पुसली आणि अनुक्रमांकाचं शेपूट शोधलं. तीन आकडे. हल्ली तिथे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीन आकड्यांची पद्धत २००० च्या आधीची, आणि तिच्यात वर्षाचा एकच आकडा असल्यामुळे दशक कळत नाही. शेवटचा आकडा ८ होता. १९९८ चा म्हणा किंवा १९८८ चा. टायर नातवाहून मोठा होता एवढं नक्की.

नातू म्हणाला, “पण काका, तो कधी चाललेलाच नाही. स्टोअरमध्ये पडून होता.”

इथेच बहुतेकांची फसगत होते. रबर चालून झिजतं तसं पडूनही मरतं, फक्त मरताना दिसत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करत जातात. त्यापासून बचावासाठी कंपनी रबरात मेण आणि काही रसायनं मिसळते. टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि वर पातळ थर धरतात. उभ्या टायरला ही मालिश मिळत नाही. म्हणून कोपऱ्यात ठेवलेला टायर कधीकधी रोज धावणाऱ्यापेक्षा आधी तडकतो. आतल्या नायलॉनच्या थरांची एकमेकांवरची पकडही सुटत जाते. मग एके दिवशी वेगात वरचा ठोकळेदार पट्टा सालपटासारखा उलगडतो. मी हवा थोडी कमी करून साइडवॉल अंगठ्याने वाकवली. रिमच्या कडेजवळ केसाएवढ्या चिरांची जाळीच उघडली. हवा भरलेली असताना ती मिटलेली होती.

मागचा डावा रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्या टायरवर नवा ट्रेड चढवलेला. वरचा ट्रेड ठीक, पण साइडवॉलवर आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा. गाडीखाली शिरल्याशिवाय दिसत नव्हता. नाना पाच वर्षं त्यावर कांद्याच्या गोण्या वाहत होते.

पाचवा, स्टेपनी. त्याकडे येतो.

कायदा नेमकं काय मोजतो

नानांचा मुद्दा होता की मागच्या खेपेला आरटीओने गाडी पास केलीच होती. आणि ते खरं बोलत होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९४ टायरबद्दल आहे. दुचाकी-तीनचाकी सोडून बाकी वाहनांना ट्रेडची खोली निदान १.६ मिलिमीटर हवी. झीज होऊन किंवा चिरून आतलं कापड उघडं पडलेलं नको, फुगा किंवा आकार बिघडलेला नको, बाहेरून ठिगळ मारलेलं नको. त्या नियमाने पाहिलं तर नानांच्या पाच टायरांपैकी एकच नापास होता, फुगेवाला. चार पास. तीस वर्षांचा फौजी टायर तर पहिल्या नंबराने पास, कारण १.६ च्या जागी १२! टायरचं वय त्या नियमात मोजलंच जात नाही.

ब्रिटनने हा धडा महाग घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये सरे परगण्यात हिंडहेडजवळ एक बस रस्ता सोडून झाडावर आदळली आणि तिघं गेले. फुटलेला पुढचा टायर साडेएकोणीस वर्षांचा निघाला. त्याचा ट्रेड कायद्याला पुरेल इतका होता. मृतांपैकी एका अठरा वर्षांच्या मुलाच्या आईने कित्येक वर्षं पाठपुरावा केला तेव्हा १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरायला बंदी झाली. गंमत म्हणजे खासगी हौसेखातर ठेवलेल्या, चाळीस वर्षांहून जुन्या वाहनांना तिथेही सूट आहे. मापं मिळत नाहीत आणि गाड्या कमी फिरतात, म्हणून ही सूट असावी, असं मला वाटतं. रबराला अर्थात ती सूट माहीत नसते.

आपल्याकडे मात्र एक कलम आहे जे नानांना मी दोनदा वाचून दाखवलं. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १९०, पोटकलम १. ज्या दोषाची चालवणाऱ्याला माहिती आहे, किंवा साधी काळजी घेतली असती तर जो कळला असता, असा दोष असलेली गाडी रस्त्यावर आणली तर १,५०० रुपये दंड. त्यातून अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड, किंवा दोन्ही. “साधी काळजी” हे शब्द महत्त्वाचे. फडक्याने साइडवॉल पुसणं ही साधी काळजीच झाली. आणि आता तर मी येऊन सांगून गेलो होतो. म्हणजे “माहीत नव्हतं” हे उत्तर नानांच्या हातून कायमचं गेलं. यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

समृद्धी तर तशीही बाद होती. तो रस्ता सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात व्हायला लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून खराब टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. तपासणीतून निसटलो असतो तरी नऊ इंची ड्रम ब्रेकच्या, पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम ऐंशी इंच अंतर असलेल्या उघड्या जीपने त्या रस्त्यावर बाकीच्यांच्या वेगात शिरण्यात शहाणपण नव्हतं.

नातवाची यादी

नातवाकडे तोडगा तयार होता. फोनवर फोटो दाखवला: अलॉय रिम, पंधरा इंची, वर एकतीस इंची रुंद रेडियल. रंग पुन्हा फौजी, ऑलिव्ह ग्रीन. पुढे वर तोंड केलेला बाण असलेली नंबरप्लेट, “फक्त वरातीपुरती.” आणि पन्नास वर्षांहून जुनी गाडी म्हणून विंटेजची व्हीए नोंदणी.

एकेक करून सगळं खोडावं लागलं, आणि मला त्यात आनंद नव्हता. फोटोतली जीप छान दिसत होती.

बाण हे लष्करी वाहनाच्या नोंदणीचं चिन्ह. गाडी लिलावात विकली गेली तेव्हाच तो तिच्यावरून उतरला. रंगाचं बऱ्याच हौशी लोकांना माहीत नसतं: नियम १२१ नुसार संरक्षण खात्याची नसलेली गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. नानांच्या वडिलांनी तर ६७ मध्येच ती आकाशी निळी केली होती आणि आरसी बुकात रंग “निळा” असाच आहे.

रुंद रेडियलचं दुखणं दोन बाजूंनी. तांत्रिक बाजू अशी, की मोठ्या टायरने चाकाचा घेर वाढतो, त्याच नऊ इंची ड्रमला जास्त जोर लावावा लागतो, बाहेर आलेली रिम बेअरिंगवर वजन तिरकं टाकते आणि वळताना टायर स्प्रिंगला घासतो. कायद्याची बाजू म्हणजे कलम ५२. कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घट्ट धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. रिम-टायरचा एवढा फरक त्यात मोडतो असं निरीक्षकाने धरलं, तर वाद घालायला निदान माझ्याकडे मुद्दा नाही.

राहिली व्हीए नोंदणी. जुलै २०२१ मध्ये हे नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी, नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल नको. नानांच्या जीपचं डिझेल इंजिन तिथेच आडवं आलं. नातू हिरमुसला. मग मी त्याला दुसरी बाजू सांगितली: व्हीएची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन-दुरुस्ती अशा कारणांपलीकडे रोज फिरवता येत नाही. आजोबांनी ८६ मध्ये ज्या इंजिनाने गाडी “बिघडवली,” त्याच्यामुळेच ती आजही बाजाराला जाऊ शकते. साध्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण तेवढं करायचं, कारण तेही संपून वर्ष उलटलं होतं. त्यासाठी फॉर्म २५, विमा, पीयूसी, चासी नंबरची पेन्सिल प्रिंट आणि निरीक्षकासमोर गाडी.

स्टेपनी

आता पाचवा टायर. तो मूळ लष्करी रिमवर होता, आणि अशी शाबूत रिम आता क्वचित बघायला मिळते. युद्धातली ही रिम दोन अर्ध्या तबकांची असते. टायर मध्ये ठेवून दोन्ही तबकं नटबोल्टने एकत्र आवळायची. लढाईत लिव्हरशिवाय टायर बदलता यावा म्हणून ही सोय. म्हणजे चाकावर नटांची दोन वर्तुळं: आतलं पाच नटांचं, चाक गाडीला धरणारं, आणि बाहेरचं, रिमची दोन तबकं एकमेकांना धरणारं.

हमरस्त्यालगतच्या पंक्चरवाल्याकडे आम्ही पाचही चाकं टेम्पोतून नेली. मी चहा सांगायला वळलो तेवढ्यात त्याच्या पोराने स्टेपनी आडवी टाकून बाहेरच्या वर्तुळातल्या एका नटाला पाना लावला होता. टायरमध्ये पूर्ण हवा. पहिला नट कर्रकन फिरलाही होता. मी ओरडलो, पोरगा दचकून मागे सरला. दोनचार नट आणखी सुटले असते तर तीस पाउंड हवेने वरचं तबक त्याच्या हनुवटीवर आणलं असतं. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडली, शिट्टी थांबेपर्यंत थांबलो, व्हॉल्व्हमध्ये तार घालून पाहिली, आणि मगच बाकीचे नट सोडले. आत ट्यूबला चिकटलेल्या गंजाची खपली हातभर निघाली.

अशा रिमबद्दल पंक्चरवाल्याला दोष देणं मला पटत नाही. त्याच्या वयाच्या पोराने ही रिम आयुष्यात पाहिलेली नसते. सांगायची जबाबदारी गाडी घेऊन येणाऱ्याची. तशीच दुसरी खोड: या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. हे न सांगितल्यामुळे नानांच्या जीपचा एक स्टड, म्हणजे नट बसतो तो बोल्ट, पूर्वीच तुटून वेल्ड झालेला होता. तोही बदलला.

शेवटी काय बसवलं

नाशिकला एका ठोक दुकानात सहाशे-सोळाचे हलक्या मालवाहू गाडीचे नायलॉन टायर मिळाले. पाचही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, आयएसआय खूण असलेले. ही खूण २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने सक्तीची झालेली आहे. दुकानदाराने आधी काढलेल्या पाचांत एक दोन वर्षांपूर्वीचा होता, तो परत करून शेवटचे चार आकडे जवळपासचे असलेले घेतले. नव्या ट्यूब, नवे फ्लॅप. जुनी ट्यूब नव्या टायरात घालून तीनशे-चारशे रुपये वाचवणारे लोक मला कधी समजले नाहीत. रिमा वायर ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारला. स्टेपनीला साधी एकसंध रिम घेतली.

पाच सारखे का, याचं उत्तर नानांना खडूने दिलं. टायर काढण्याआधी पुढच्या आणि मागच्या चाकाला खूण करून गाडी एक फेरी ढकलली आणि जमिनीवर टेप लावला. ट्रॅक्टरचा टायर आणि फौजी टायर यांच्यात एका फेरीला ६ सेंटीमीटरचा फरक. सव्वादोन मीटरच्या आसपास घेर धरला तर किलोमीटरला सत्तावीस मीटर. फोर व्हील लावली की या जीपचे पुढचे-मागचे धुरे एकमेकांना घट्ट जोडले जातात, आणि डांबरावर हे सत्तावीस मीटर कुठेतरी घासून किंवा पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद देणाऱ्या ट्रान्स्फर केसचे दात खाऊन भरून काढावे लागतात. “तरीच लिव्हर अडकायचा,” नाना म्हणाले. ते अडकणं त्यांनी दोन वर्षं ग्रीसच्या माथी मारलं होतं.

नूतनीकरण झालं. निरीक्षकाने टायरवर बूट आपटला, खोली पाहिली, चासी नंबर पाहिला. वय विचारलं नाही.

जीप कल्याणला गेली ती घोटीवरून, कसारा घाट उतरून, पंचेचाळीस-पन्नासच्या वेगाने. मी मागून माझ्या गाडीत. पहिल्या वीस किलोमीटरनंतर आणि घाटाखाली थांबून चारही टायरांवर आणि ड्रमवर हात ठेवून पाहिला. टायर कोमट, ड्रमवर हात ठेवता येत नव्हता. चहा होईपर्यंत गार होऊ दिले. निळ्या जीपमधून वरात निघाली, फोटो चांगले आले.

ट्रॅक्टरचे दोन टायर नानांनी ट्रॅक्टरलाच लावले, तिथे ते अजून दहा हंगाम काढतील. फौजी टायरला एका हौशी माणसाने तीन हजार देऊ केले होते, “फक्त शोला ठेवायला.” नाना तयार झाले नाहीत. शोचा टायर कुणाच्या तरी स्टेपनीत जातोच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी हॅकसॉ आणली, आणि आधी फुगेवाला रिमोल्ड, मग तो, असे दोन्ही कडेपासून कडेपर्यंत आडवे कापले. रिमोल्डच्या फुग्यामागे आतून तळहाताएवढा गेटर, म्हणजे रबर-कापडाचं ठिगळ, चिकटवलेला निघाला, आणि त्याच्याखाली नायलॉनचे धागे सुटे, म्हातारीच्या केसांसारखे. नानांनी ते चिमटीत धरून ओढले. ते तसेच हातात आले.

“पाच वर्षं,” नाना म्हणाले, आणि कापलेला तुकडा नातवाच्या हातात दिला.